निंबोळी, म्युनिक आणि काकांची वही

(बोललेलं जसंच्या तसं लिहिलं तर वाचवत नाही, म्हणून थोडं सावरून लिहिलंय. रेकॉर्डिंगमध्ये मध्येच मिक्सर ऐकू येतो तो आमच्या घरचा. तिथलं बोलणं ज्यांना कळलं नाही त्यांनी इथे वाचा.)



जूनच्या शेवटी दोन दिवस गावी गेलो होतो. आमचं गाव दिंडोरी तालुक्यात, काकांची दोन एकर द्राक्षबाग आहे. गोठ्यामागे सावलीत एक निळा ड्रम होता, वर गोणपाट टाकलेलं. मला वाटलं पाणी असेल. गोणपाट उचललं आणि तसाच चार पावलं मागे आलो. ज्याने तो वास घेतलाय त्याला सांगायला नको, आणि ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. दशपर्णी अर्क होता, विसाव्या दिवसाचा.

शहरातल्यांसाठी सांगतो. कडुनिंबाचा पाला पाच किलो. मग निरगुडी, सीताफळ, पपई, करंज, एरंड, घाणेरी, रुई, कण्हेर, गुळवेल, यातला जो मिळेल तो दोन-दोन किलो. त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा, लसूण, शेण, गोमूत्र आणि २०० लिटरच्या हिशेबाने पाणी. महिनाभर सावलीत ठेवायचं, रोज काठीने ढवळायचं, मग गाळून पंपात भरायचं. गावागणिक यादी बदलते, वास बदलत नाही.

मी विचारलं, "काका, खरंच चालतं का हे?"

काका म्हणाले, "काही किडीला चालतं. डावणीला नाय चालत."

हे उत्तर मला फार आवडलं, कारण मोबाईलवर या विषयाचं जे काही येतं त्यात असं उत्तर कधीच नसतं. एक तर "आपल्या पूर्वजांना पाच हजार वर्षांपूर्वी सगळं ठाऊक होतं" असं असतं, नाहीतर "हे सगळं थोतांड आहे" असं. म्हणून नाशिकला परत आल्यावर रात्री ऑफिसचं काम संपलं की हाच विषय उकरत बसलो. आजचा भाग त्यातूनच निघालाय.

सुरुवात त्या ड्रमपासूनच करू. यादी परत बघा. मिरची, पपई, सीताफळ, घाणेरी. ही चारही मूळची अमेरिका खंडातली. मिरची आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांच्या जहाजातून, म्हणजे पाचशे वर्षांच्या आतली गोष्ट. घाणेरी तर शोभेचं झाड म्हणून आणली आणि मग ती रानभर पसरली. तेव्हा आजची दशपर्णी काही ऋषीमुनींच्या पोथीतून आलेली नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ती घरोघरी पोचली ती नैसर्गिक शेतीच्या चळवळीमुळे. विदर्भातले सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या शिबिरांचा यात मोठा हात आहे. आणि २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम तर पूर्वजांकडे नव्हताच ना भाऊ.

याचा अर्थ जुनं काहीच नव्हतं असा मात्र नाही. माझी आजी गव्हाच्या कणगीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायची, तुमच्याही घरी कोणीतरी घालत असेल. सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे, साधारण दहाव्या शतकातला मानतात. झाडांचे रोग, त्यावर धुरी, लेप, वावडिंगासारख्या औषधी, असं बरंच त्यात आहे. नलिनी साधले यांनी केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर १९९६ साली छापलं गेलं. तोवर एक हजार वर्षं हे ज्ञान पोथीत होतं आणि शेतात वेगळंच काही चाललं होतं. माहिती असणं आणि ती कोणाच्या तरी हाती लागेल अशी असणं, या दोन गोष्टींतलं अंतर पुढे या गोष्टीत सारखं आडवं येणार आहे.

आता थेट विसाव्या शतकात येऊ.

१९३९ साली पॉल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाला डीडीटी किडे मारतं हे सापडलं. १९४८ मध्ये त्याला नोबेल मिळालं, तेही वैद्यकशास्त्राचं, कारण डास मेले आणि हिवताप आटोक्यात आला. आपल्याकडे १९५४ मध्ये हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी डीडीटी बनवायलाच काढली. त्या वेळच्या लोकांना नावं ठेवणं सोपं आहे. पण संध्याकाळी फवारलं आणि सकाळी किडे खाली पडलेले दिसले, तर तुम्ही-मी काय केलं असतं?

याच काळात सुदानमध्ये एक गंमत घडली. १९५९ साली तिथे टोळधाड आली. हाइनरिख श्मुटरर नावाचा जर्मन कीटकशास्त्रज्ञ तिथे होता. टोळांनी हिरवं दिसेल ते फस्त केलं, पण कडुनिंबाची झाडं तशीच उभी राहिली. टोळ त्यांच्यावर बसायचे आणि न खाता उडून जायचे. त्याने पुढचं आयुष्य या झाडाच्या अभ्यासाला दिलं.

आणि १९६२ मध्ये दिल्लीत, भारतीय कृषी संशोधन संस्थेत, प्रधान, जोतवानी आणि राय या तिघांनी निंबोळीचा गर वाटून पाण्यात कालवला आणि पिकांवर फवारला. टोळ आले, पिकावर बसले, पण खाईनात. काही ठिकाणी हा परिणाम तीन आठवड्यांपर्यंत टिकला. 'इंडियन फार्मिंग' या मासिकात त्यांनी ते छापलं. त्याच वर्षी अमेरिकेत रेचल कार्सनचं 'सायलेंट स्प्रिंग' आलं. ते पुस्तक जगभर गाजलं. आपल्या तिघांचा लेख किती जणांना माहीत आहे? मला तरी या महिन्यापर्यंत नव्हता.

१९६८ साली इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी निंबोळीतून नेमका तो पदार्थ वेगळा काढला, अझाडिरॅक्टिन. हे नाव झाडाच्या शास्त्रीय नावावरून आलंय आणि ते नाव फारसीतल्या 'आझाद दरख़्त'वरून. मोकळं झाड. योगायोग असा की आपला कीटकनाशक कायदाही १९६८ चाच.

इथे थोडं तांत्रिक बोलतो, मिक्सरवाला भाग तो हाच. अझाडिरॅक्टिन दोन गोष्टी करतं. एक, किड्याची भूक मारतं. दुसरं, अळी कात टाकते ना, त्यासाठी तिच्या अंगात जे संप्रेरक वेळेवर सुटावं लागतं, त्याचं वेळापत्रक बिघडवतं. मग ती अळी कातेतच अडकते, पुढच्या अवस्थेला जातच नाही. पण यात दिवस जातात. सकाळी शेतकरी बागेत गेला की अळी पानावर जिवंतच दिसते. ती खात नाहीये हे वरून कळत नाही. शेतकरी म्हणतो, पैसे पाण्यात गेले. दुसरी अडचण उन्हाची. हा पदार्थ उन्हात पटकन मोडतो, म्हणून निंबोळी अर्क संध्याकाळी मारायचा. आणि तो करून ठेवता येत नाही. पाच किलो निंबोळी पावडर रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्याने गाळायची, साबणाचं पाणी घालून शंभर लिटर करायची आणि त्याच दिवशी संपवायची. हा झाला पाच टक्के अर्क. दुकानातली बाटली उघडून ढवळणं आणि हे, यात मजूर काय निवडेल ते सांगायला नको. केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला हा रेणू प्रयोगशाळेत पूर्ण बनवायला २२ वर्षं लागली, २००७ मध्ये जमलं. झाड मात्र दर उन्हाळ्यात फुकट बनवतंय.

आता या गोष्टीत कंपन्या येतात. रॉबर्ट लार्सन नावाचा अमेरिकन लाकूड व्यापारी १९७१ च्या सुमारास निंबोळ्या घेऊन गेला, वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १९८५ मध्ये त्याच्या औषधाला तिकडच्या सरकारची परवानगी मिळाली. १९८८ मध्ये त्याने ते डब्ल्यू. आर. ग्रेस या मोठ्या कंपनीला विकलं. मधलं एक साल आपण सगळे जाणतो, १९८४, भोपाळ. तिथे बनत होतं तेही कीटकनाशकच. त्यानंतर जगात 'वनस्पतीजन्य' या शब्दाला बाजार आला.

ग्रेसने आणि अमेरिकेच्या कृषी खात्याने मिळून युरोपात एक पेटंट मागितलं. १९९४ मध्ये ते मंजूर झालं. कशाचं? निंबोळी तेलाने झाडावरची बुरशी रोखायची पद्धत. तेल ०.१ ते १० टक्के, ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडा इमल्सिफायर, बाकी पाणी. बुरशी म्हणजे आपल्या भाषेत भुरी आणि डावणी. द्राक्षवाल्यांनो, तुमच्याच दुखण्याचं पेटंट.

१९९५ मध्ये वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या ग्रीन गटाच्या माग्दा आल्वूत आणि सेंद्रिय शेतीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या लिंडा बुलार्ड या तिघींनी हरकत घेतली. इथवरची गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगतात. मला अडखळायला लावलं ते पुढच्या भागाने.

पेटंट ऑफिसला "आमच्याकडे आजीच्या काळापासून कडुनिंब वापरतात" हे पुरत नाही. गुढीपाडव्याला आम्ही कडुनिंब खातो, हेही पुरत नाही. नेमकं हेच, म्हणजे तेलाचं असं मिश्रण, बुरशीसाठी, झाडावर, अर्जाच्या तारखेआधी, उघडपणे वापरलं होतं का? कोणी, कुठे, कधी? आमच्याकडे कोडमध्ये बग सापडला तर साहेब पहिल्यांदा विचारतात, लॉग कुठाय. तसंच.

लॉग सापडला महाराष्ट्रात. पुण्याच्या अजय बायोटेक या कंपनीचे अभय फडके यांनी म्युनिकला जाऊन साक्ष दिली. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या शेतावर निंबोळीच्या अर्काच्या चाचण्या झाल्या होत्या. वर्ष होतं, जिल्हा होता, माणूस समोर बसून सांगत होता. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झालं. ग्रेसचा हा धंदा तोवर थर्मो ट्रिलॉजी नावाच्या कंपनीकडे गेला होता. पुढे अपील झालं, तेही ८ मार्च २००५ रोजी फेटाळलं गेलं. सगळी मिळून दहा वर्षं.

हळदीचं याच्या आधी झालं होतं. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द करून घेतलं ते रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरने. तिथे छापील पुरावे होते, त्यात १९५३ चा एका वैद्यकीय नियतकालिकातला लेखसुद्धा. अमेरिकेचा त्या वेळचा कायदाच असा होता की परदेशातला वापर छापील असेल तरच मोजायचा. तोंडी परंपरा मोजायची नाही. या दोन प्रकरणांच्या धक्क्यातूनच २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी सुरू झाली.

एक गोष्ट माझ्या मनाची सांगतो, काहींना आवडणार नाही. त्या काळच्या बातम्यांत ग्रेसला सरसकट चोर म्हटलंय. बुरशीच्या पेटंटबद्दल ते बरोबरच आहे. पण निंबोळीचा अर्क बाटलीत महिनोन्‌महिने टिकवायचा हा खरा, अवघड प्रश्न होता आणि त्यावर त्यांनी काम केलं होतं. काकांना रोज पावडर भिजवत बसायला वेळ नाही, आज तेही दुकानातून अझाडिरॅक्टिनची बाटली आणतात. ते टिकवण्याचं काम आपल्या एखाद्या प्रयोगशाळेने आधी करून बाजारात का आणलं नाही, हा प्रश्न मला म्युनिकच्या निकालापेक्षा जास्त छळतो.

तर आपण जिंकलो. मग नाशिकमध्ये काय झालं?

फारसं काही नाही. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत मिथोमिल या कीटकनाशकाचा अंश सापडला आणि माल नाकारला गेला. मी तेव्हा शाळेत होतो. घरी दोन-तीन दिवस कोणी मोठ्याने बोललं नाही एवढंच आठवतं. त्यानंतर अपेडाने २००६ मध्ये ग्रेपनेट सुरू केलं. बागेची नोंदणी, नमुने, लॅब रिपोर्ट, आणि पेटीवरून कुठल्या बागेचा माल ते शोधता येईल अशी व्यवस्था. तरी २०१० मध्ये परत दणका बसला, या वेळी क्लोरमेक्वाट क्लोराइडचा. ते तर कीटकनाशकही नाही, वेलीची वाढ रोखायला मारतात, आपल्याकडे सीसीसी म्हणतात ते. मधल्या काळात काका एकदा फवारताना बांधावर चक्कर येऊन पडले होते. दुकानातून दोन औषधं एकत्र मिसळून मारायला सांगितली होती. तोंडाला फक्त उपरणं. एक रात्र दवाखान्यात काढली आणि चौथ्या दिवशी परत पंप पाठीला. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये कपाशीवर फवारताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर विषबाधेने गेले, ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा काकूंनी उठून टीव्ही बंद केला.

म्हणजे आमच्या भागात वनस्पतीजन्य औषधं परत आली ती परंपरेच्या प्रेमापोटी नाहीत. काढणी जवळ आली की रासायनिक औषध मारता येत नाही, अंश उरतो आणि माल नाकारला जातो. अशा वेळी थ्रिप्स किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर हातात काय उरतं? निंबोळी, दशपर्णी, नाहीतर जैविक बुरशी. युरोपच्या लॅबने नाशिकला निंबोळीकडे परत आणलं. ज्या युरोपात आपण तिच्यासाठी दहा वर्षं भांडलो, तिथल्याच.

आणि हो, 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हे डोक्यातून काढा. निकोटीन पूर्ण नैसर्गिक आहे, एके काळी जगभर कीटकनाशक म्हणून वापरायचे आणि ते जालीम विष आहे. तंबाखू घालून जे अग्निअस्त्र करतात, ते मारताना तोंडाला काही न बांधणारे लोक मी पाहिलेत. दशपर्णीतली कण्हेरही विषारीच. काका दशपर्णी मारतानासुद्धा मास्क आणि चष्मा लावतात, बांधावर पडल्यापासून.

निघायच्या दिवशी मी काकांना म्युनिकची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "मग त्या तेलानं भुरी जाते का?"

मी म्हटलं, "सुरुवातीलाच मारलं तर आवरते म्हणतात. खूप वाढली की नाही."

"ते मला म्युनिकला न जाता माहितीये."

मग मी त्यांची फवारणीची वही मागितली. एक्सपोर्टसाठी नोंद ठेवावी लागते, त्यामुळे वही एकदम चोख. तारीख, औषध, प्रमाण, कारण, काढणीआधीचे दिवस. पानामागून पानं चाळली. दशपर्णी कुठेच नाही. निंबोळी अर्कही नाही, फक्त दुकानातल्या बाटलीची नोंद दोनदा. घरचा अर्क ते गेली सात-आठ वर्षं मारतायत आणि वहीत एक ओळ नाही.

"हे का नाही लिहिलं?"

"ते कोण विचारतं? त्याचं बिल असतं का?"

मी तिथेच ओसरीवर बसून बोललो बराच वेळ. १९८५, सांगली, फडके, लॉग, सगळं परत. काकांनी अर्ध्यातून चहा मागवला. मी नाशिकला निघालो तेव्हा वही होती तिथेच होती.

गेल्या आठवड्यात पुतण्याने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. वहीचं पान, काकांचं तिरकं अक्षर. ११ जुलै. निंबोळी अर्क ५ टक्के, घरचा. सायंकाळी ६. थ्रिप्स, शेंड्याला, पूर्वेकडच्या सात ओळी. पश्चिमेकडच्या सात ओळी न मारता सोडल्या. खाली पेन बदलून, चार दिवसांनी लिहिलेलं: पूर्वेला कमी. पश्चिमेला आहेत. पाऊस झाला, परत मारावं लागेल.

तुमच्या घरी अशी वही असेल तर एखाद्या पानाचा फोटो काढून पाठवा, किंवा व्हॉइस नोटवर वाचून दाखवा. नाव-गाव नको, पीक, तारीख आणि काय मारलं तेवढं पुरे. पुढच्या भागात बोर्डो मिश्रणाबद्दल बोलू. फ्रान्समध्ये वाटसरूंनी रस्त्याकडची द्राक्षं चोरू नयेत म्हणून शेतकरी वेलींवर मोरचूद आणि चुना मारत होते, आणि एका प्राध्यापकाला दिसलं की त्याच वेलींवर डावणी नाही. १८८५ मध्ये त्याने ते छापलं.